पायवाटांचे वर्गीकरण आणि लोकनिर्मित नकाशे

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रस्त्यांच्या विकासाचा विचार करताना डांबरी सडका, पूल आणि मोऱ्या यांचाच हिशेब सामान्यतः मांडला जातो. पायवाटेची नोंद त्या हिशेबात क्वचितच होते. वस्तुतः पायवाट हे दळणवळणाचे सर्वांत जुने साधन होय. घाटमाथा आणि कोकण यांना जोडणारा नाणेघाट दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, वाहता होता आणि तो पायी माणसांचा व लादलेल्या जनावरांचाच मार्ग होता. आजही डोंगरातील कित्येक वाड्यांवरची मुले पायवाटेनेच शाळेत जातात, आणि आजारी माणसाला डोलीत घालून याच वाटेने सडकेपर्यंत आणले जाते.

अलीकडच्या काळात नकाशा हा कपाटातील गुंडाळीतून निघून प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलवर आला आहे. त्यात सडकांबरोबर पायवाटाही दिसू लागल्या आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र वाट नकाशावर येणे आणि त्या वाटेची खरी ओळख नकाशावर येणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच हा विषय केवळ गिर्यारोहकांच्या हौसेचा नसून सार्वजनिक हिताचा आहे.

एकाच तुटक रेषेचे दोन अर्थ

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खांडस गावाचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. या गावातून भीमाशंकरला चढून जाण्याच्या दोन वाटा पूर्वापार प्रचलित आहेत. गणेशघाटाची वाट लांबची, वळणावळणाची, परंतु सोपी आहे. शिडीघाटाची वाट जवळची आहे; पण ती कड्याला भिडते, लोखंडी शिड्यांवरून जाते आणि तेथे हातांचा आधार घ्यावा लागतो. पावसाळ्यात कातळ निसरडा झाला म्हणजे तिचा धोका अनेक पटींनी वाढतो. खांडसमधील कोणताही ग्रामस्थ हा फरक पाहुण्याला एका वाक्यात सांगतो. किंबहुना, ‘शिडीघाट’ या नावातच तो सांगितलेला आहे.

नकाशावर मात्र दोन्ही वाटांना एकसारखी तुटक रेषा मिळाली, तर हे ज्ञान पुसले जाते. परगावच्या माणसाला दोन रेषा दिसतात आणि त्यांतील आखूड रेषा तो साहजिकच निवडतो. मार्ग शोधून देणारे यंत्रही तेच करते. कारण अंतर तेवढे त्याला कळते, कडा कळत नाही. जी माहिती गावाच्या तोंडी आहे ती रेषेला चिकटविणे, यालाच नकाशाशास्त्राच्या नव्या परिभाषेत वर्गीकरण आणि ‘टॅग’ लावणे असे म्हणतात.

लोकांनी तयार केलेला नकाशा

जगभरातील स्वयंसेवकांनी मिळून तयार केलेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा या प्रकारचा सर्वांत मोठा नकाशा होय. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली इंग्लंडमध्ये त्याचा आरंभ केला. तेथील सरकारी मोजणी खात्याचे नकाशे उत्कृष्ट होते. परंतु त्यांच्या वापरावर शुल्क व निर्बंध होते. नागरिकांनी आपल्या परिसराची माहिती स्वतः गोळा करावी आणि ती सर्वांना मुक्तपणे वापरता यावी, ही त्यामागील कल्पना. २०१२ पासून ही माहिती मुक्त माहितीसाठ्याच्या विशिष्ट परवान्याखाली उपलब्ध आहे. पर्यटकांसाठी मोबाइलवर चालणारे अनेक नकाशे याच माहितीवर आधारलेले असतात.

या नकाशाची रचना साधी आहे. त्यात बिंदू असतात, बिंदू जोडून झालेल्या रेषा असतात आणि अनेक रेषांना एकत्र बांधणारे समूह असतात. प्रत्येकाला हव्या तितक्या खूणचिठ्ठ्या, म्हणजेच टॅग, लावता येतात. प्रत्येक टॅगचे दोन भाग असतात : गुणधर्म आणि त्याचे मूल्य. ‘पृष्ठभाग : खडक’ किंवा ‘रुंदी : एक मीटर’ अशी ती नोंद असते. कोणी, केव्हा, कोणता बदल केला याचा इतिहास जतन होतो. त्यामुळे चूक शोधता येते आणि दुरुस्तही करता येते.

वाटेचा वर्ग कसा ठरतो

या नकाशात सर्व प्रकारच्या रस्त्यांसाठी ‘हायवे’ हा एकच गुणधर्म वापरला जातो. आपल्याकडे हायवे म्हणजे महामार्ग असा समज आहे. परंतु जुन्या इंग्रजी कायद्यात कोणत्याही सार्वजनिक वाटेला हा शब्द लागू होतो, आणि तोच अर्थ येथे घेतला आहे. त्याखाली पायी चालण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असे काही वर्ग आहेत. शेतात किंवा जंगलात जाणारी, बैलगाडी अथवा ट्रॅक्टर जाऊ शकेल अशी वाट म्हणजे ‘ट्रॅक’. मुख्यत्वे पादचाऱ्यांसाठी असलेली वाट ‘फूटवे’. घोडेस्वारांसाठी राखलेली ‘ब्रायडलवे’. पायऱ्यांची वाट ‘स्टेप्स’. यांपैकी कोणत्याही एका वापरासाठी नसलेली, पण चालता येण्याजोगी वाट म्हणजे ‘पाथ’.

हा शेवटचा वर्ग २००८ साली मान्य झाला आणि तेव्हापासून तो वादाचा विषय राहिला आहे. त्याची व्याख्या इतकी सैल आहे की, नगरातील उद्यानामधून जाणारी फरसबंद वाट आणि कड्यावरची वीतभर रुंदीची पाऊलवाट या दोन्ही त्यात बसू शकतात. काही देशांतील स्वयंसेवक ‘फूटवे’ हा वर्ग बांधीव वाटेसाठी आणि ‘पाथ’ हा रानवाटेसाठी वापरतात, तर इतरत्र हा भेद पाळला जात नाही. तात्पर्य असे की, केवळ वर्ग दिल्याने वाटेची ओळख पूर्ण होत नाही. वर्गाबरोबर तिचे गुण सांगावे लागतात.

पाच आवश्यक नोंदी

पहिली नोंद कठीणतेची. यासाठी स्विस आल्पाइन क्लबने पदभ्रमणासाठी आखलेली सहा पायऱ्यांची श्रेणी या नकाशात स्वीकारली आहे. पहिल्या पायरीवरील वाट रुंद, सपाट किंवा किंचित चढाची असते आणि तेथे पडण्याचे भय नसते. दुसऱ्या पायरीवर वाट सलग असते, पण काही जागी चढ तीव्र असतो. तिसऱ्या पायरीवर दरीच्या कडेच्या जागा येतात, त्या कधी दोर किंवा साखळीने सुरक्षित केलेल्या असतात, आणि तोल सांभाळण्यासाठी हात टेकावे लागतात. चौथ्या पायरीपासून पुढे जाण्यासाठी हातांची गरज लागते, आणि पाचव्या व सहाव्या पायरीवर वाट बहुतांशी नसतेच. तेथे कातळचढाईचे ज्ञान लागते. ही श्रेणी वाटेची लांबी किंवा दमणूक मोजत नाही, पाऊल चुकल्यास काय होईल ते मोजते, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

स्वित्झर्लंडने या विषयाला दिलेले महत्त्व अनुकरणीय आहे. पायवाटा व पदभ्रमणाच्या वाटा यांविषयीचे कलम तेथील जनतेने १९७९ साली मतदानाने संविधानात समाविष्ट केले आणि १९८५ साली त्याविषयीचा कायदा झाला. सुमारे ६५ हजार किलोमीटर लांबीच्या वाटांवर तेथे दिशाफलक आहेत. साध्या वाटेला पिवळी खूण, डोंगरी वाटेला पांढरी-लाल-पांढरी आणि कठीण आल्पाइन वाटेला पांढरी-निळी-पांढरी खूण असते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही रंगावरून वाटेचा स्वभाव कळतो.

दुसरी नोंद दृश्यतेची. वाट स्पष्ट मळलेली आहे, मधूनमधून हरवते, की मुळीच दिसत नाही, हे स्वतंत्रपणे नोंदविता येते. सह्याद्रीत ही नोंद विशेष महत्त्वाची आहे; कारण उन्हाळ्यात ठळक दिसणारी वाट श्रावण-भाद्रपदात कमरेइतक्या गवताखाली जाते.

तिसरी नोंद पृष्ठभागाची. माती, मुरूम, दगडगोटे की अखंड कातळ, हे सांगितल्याने पुष्कळ गोष्टी उलगडतात. घसाऱ्याची वाट उतरताना अधिक अवघड असते, हे डोंगरातील प्रत्येकाला ठाऊक आहे. शिडी, दोर, साखळी, ओढ्याचा उतार किंवा साकव असल्यास त्याचीही नोंद त्या त्या जागी करता येते.

चौथी नोंद ऋतूची. स्विस श्रेणी कोरड्या हवेतील वाट गृहीत धरते. आपल्याकडील पावसाळा तिच्या हिशेबात नाही. जी वाट डिसेंबरात दुसऱ्या पायरीची, तीच जुलैत शेवाळलेल्या कातळामुळे व वाहत्या ओढ्यामुळे अनुल्लंघनीय होऊ शकते. म्हणून वाट कोणत्या महिन्यात पाहिली, तिची तारीख काय, आणि ती बारमाही आहे की हंगामी, हे लिहिल्याशिवाय कठीणतेची नोंद अपुरी समजावी.

पाचवी नोंद प्रवेशाची. ही वाट सर्वांना खुली आहे, मालकाच्या संमतीने वापरली जाते, खासगी आहे की बंद आहे? भीमाशंकरचाच डोंगर घेतला, तर तो परिसर अभयारण्यात मोडतो आणि तेथे वन्यजीवविषयक नियम लागू होतात. वाट अस्तित्वात असणे म्हणजे तिच्यावरून जाण्याची मुभा असणे नव्हे.

चुकीच्या रेषेची किंमत

या नोंदींचे महत्त्व परदेशांतील दोन घटनांवरून स्पष्ट होते. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस हे १,३४५ मीटर उंचीचे ब्रिटनमधील सर्वोच्च शिखर. एका लोकप्रिय व्यापारी नकाशासेवेवर शिखराचे नाव टाकले असता ती सेवा शिखराला सरळ रेषेत सर्वांत जवळ असलेल्या वाहनतळाकडे नेत असे आणि तेथून पुढे तुटक रेषा दाखवीत असे. प्रत्यक्षात त्या बाजूला उभी, खडकाळ आणि वाटच नसलेली चढण होती. जॉन म्यूर ट्रस्ट आणि माउंटनिअरिंग स्कॉटलंड या संस्थांनी २०२१ च्या जुलैमध्ये त्याविरुद्ध जाहीर इशारा दिला.

दुसरी घटना कॅनडातील. २०२३ च्या नोव्हेंबरात नॉर्थ व्हँकूव्हरजवळच्या माउंट फ्रॉम या डोंगरावर, नकाशात दिसणाऱ्या पण जमिनीवर नसलेल्या वाटेने गेलेला एक पदयात्री कड्यावर अडकला. नॉर्थ शोअर रेस्क्यू या स्वयंसेवी पथकाला त्याची हेलिकॉप्टरने सुटका करावी लागली. रानात जाताना शहरी वापराच्या नकाशांवर विसंबू नये, असे त्या पथकाने त्यानंतर लोकांना बजावले.

या दोन्ही घटनांत जी वाट नव्हती ती नकाशावर होती. अशी रेषा काढून टाकणे हाच उपाय होय. परंतु वाट खरोखर आहे आणि ती धोक्याची किंवा बंद आहे, अशा वेळी काय करावे? याबाबत मतभेद आहेत. वनरक्षक आणि बचाव पथके यांचे म्हणणे असे की, अशी वाट नकाशावर असूच नये. कारण रेषा दिसली की लोक जातात. लोकनिर्मित नकाशाचे स्वयंसेवक उलट बाजू मांडतात. जमिनीवर जे आहे ते नकाशावर असावे, हे त्यांचे मूलतत्त्व आहे. शिवाय एकाने पुसलेली वाट दुसरा स्वयंसेवक उपग्रहचित्रात पाहून पुन्हा काढतो, आणि या वेळी तिच्यावर कोणतीही चिठ्ठी नसते. तसेच चुकून त्या वाटेला लागलेल्या माणसाला आपण कोठे आहोत हे कळणे आणि बचाव पथकाला त्याला शोधता येणे, यांसाठीही ती नोंद उपयोगी पडते.

विचारांती असे दिसते की, खऱ्या वाटेची रेषा पुसण्यापेक्षा तिच्यावर ‘प्रवेश बंद’, ‘अनौपचारिक’, ‘दृश्यता अत्यल्प’ अशा चिठ्ठ्या लावणे अधिक हितावह आहे. वाट मोडून गेली असेल तर ‘वापरात नाही’ असा उपसर्ग तिच्या वर्गालाच जोडण्याची सोय आहे. अर्थात ही नोंद वाचून वाट वेगळ्या रंगात दाखविण्याची किंवा न दाखविण्याची जबाबदारी नकाशा छापणाऱ्यांवर आणि मोबाइलवरील नकाशे तयार करणाऱ्यांवर येते. ती त्यांनी पाळली नाही, तर स्वयंसेवकाचे श्रम वाया जातात.

मराठीतील वर्गीकरण

वाटांचे वर्गीकरण ही परदेशातून आलेली कल्पना आहे, असे मात्र समजू नये. मराठी भाषेने हे काम पूर्वीच केले आहे. पाऊलवाट, गुरवाट, गाडीवाट, पाणंद, शिवरस्ता, बैलघाट, शिडीघाट, नाळ, खिंड, चोरवाट हे शब्द पाहावेत. वाटेवरून कोण जाऊ शकते, ती कशातून जाते आणि किती कठीण आहे, हे त्यांतील प्रत्येक शब्द सांगतो. ठाणे जिल्ह्यातील बेलपाड्याकडून हरिश्चंद्रगडाकडे चढणारी ‘नळीची वाट’ आणि त्याच गडाची पाचनईकडून येणारी सोपी वाट यांतील अंतर स्थानिक माणसाला नावावरूनच समजते. या शब्दांना आंतरराष्ट्रीय वर्गांशी जोडून देण्याचे काम मराठी जाणणाऱ्यांनीच केले पाहिजे. बैलघाटाचे नाव बैलघाट म्हणूनच नोंदवावे, ते देवनागरीत शुद्ध लिहावे, आणि त्याखाली वर्ग, पृष्ठभाग व कठीणता यांच्या चिठ्ठ्या द्याव्यात.

महसूल खात्याचे गावनकाशेही वर्गीकरणाचेच उदाहरण आहेत. त्यांत ग्रामीण रस्ते व गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने, तर पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविलेला असतो. मात्र या दोन नकाशांची कामे वेगळी आहेत. गावनकाशा हा हक्काचा पुरावा मानला जातो, तर लोकनिर्मित नकाशा हे प्रत्यक्ष स्थितीचे वर्णन होय. इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांचे निर्णायक नकाशे तयार करण्यात आले, आणि तेथील स्वयंसेवक कायदेशीर दर्जासाठी वेगळी चिठ्ठी व प्रत्यक्ष वाटेसाठी वेगळी चिठ्ठी लावतात. ही शिस्त आपल्याकडेही आवश्यक आहे. शेतरस्त्याचा वाद झाल्यास त्याचा निर्णय मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ किंवा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १४३ यांनुसार तहसीलदारांपुढे होतो. मोबाइलवरील रेषा दाखवून कोणाचा हक्क सिद्ध होत नाही आणि कोणाचा हक्क बुडतही नाही, हे ग्रामसभेत स्पष्ट करून सांगावे. पाणंद रस्त्यांसाठी शासनाने २०२१ साली सुरू केलेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेसारख्या कामांत मात्र, कोणती वाट कोणत्या स्थितीत आहे याची अद्ययावत यादी पंचायतीजवळ असणे निश्चितच उपकारक ठरेल.

गावपातळीवरील कार्य

नकाशे तयार करण्यावरील पूर्वीचे अनेक निर्बंध केंद्र शासनाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी दूर झाले आहेत, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही जाहीर झाले आहे. संवेदनशील स्थळांविषयीचे नियम अर्थात कायम आहेत. या अनुकूल परिस्थितीचा लाभ शाळा व ग्रामपंचायती यांनी घ्यावा.

काम अवघड नाही. भूगोलाच्या शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थी आणि वाट जाणणारी एक-दोन वडीलधारी माणसे बरोबर घ्यावीत. मोबाइलमधील स्थाननोंद सुरू ठेवून वाट चालावी. मोकळ्या आकाशाखाली ही नोंद साधारणतः पाच मीटरपर्यंत अचूक असते. दाट झाडीत व घळीत ती अधिक चुकते, म्हणून तेथे वाट दोनदा चालून पाहावी. फाटा, पाणवठा, साकव, शिडी आणि ओढ्याचा उतार या जागी थांबून टिपण घ्यावे. आधी नमूद केलेल्या पाचही बाबी तेथेच लिहून काढाव्यात. घरी येऊन आठवणीने लिहू नयेत. छापील किंवा व्यापारी नकाशावरून काहीही उतरवून घेऊ नये. तसे करणे परवान्याच्या विरुद्ध आहे.

नोंदविण्यापूर्वी दोन प्रश्न ग्रामसभेपुढे ठेवावेत. एखादी वाट देवराईकडे, पाण्याच्या एकमेव झऱ्याकडे किंवा दुर्मीळ वनस्पतींच्या जागेकडे जात असेल, तर ती जगापुढे मांडणे गावाला मान्य आहे काय? आणि वाट वनक्षेत्रातून जात असेल, तर तेथील प्रवेशाविषयी वन विभागाचे म्हणणे काय आहे? उत्तर नकारार्थी असेल तेथे घाई करू नये. एकदा प्रसृत झालेली माहिती परत घेता येत नाही.

नोंद झाल्यानंतरही काम संपत नाही. दरड कोसळते, साकव वाहून जातो, नवी सडक झाली की जुनी वाट ओस पडते. दर वर्षी पावसाळा संपल्यावर एकदा वाट पाहून तारखेसह नोंद नवी करणे, हा शाळेच्या वार्षिक उपक्रमाचा भाग होऊ शकेल. वाडीवरची मुले ज्या ओढ्यातून शाळेत येतात तो जुलैत किती दिवस ओलांडता येत नाही, ही नोंद सलग तीन वर्षे ठेवली, तर साकवाच्या मागणीला तिच्याइतके बळकट समर्थन दुसरे नसेल. त्याचप्रमाणे डोलीची वाट कोठे अरुंद आहे हे नकाशावर दिसले, तर आरोग्यसेवेच्या नियोजनालाही दिशा मिळेल.

वाटेची खरी माहिती ती रोज चालणाऱ्या माणसाजवळ असते. गुराखी, मधाचे पोळे काढणारा, मोळी घेऊन उतरणारी स्त्री आणि दप्तर पाठीवर टाकून निघालेले मूल यांचे हे ज्ञान आजवर कागदावर आले नाही. लोकनिर्मित नकाशाने त्याला जागा उपलब्ध करून दिली आहे. ती जागा केवळ रेषांनी भरली, तर अनोळखी माणूस कड्याशी जाऊन उभा राहील. रेषेबरोबर वाटेचा वर्ग, कठीणता, ऋतू आणि हक्क यांची नोंद झाली, तर तोच नकाशा त्याला गणेशघाटाने सुखरूप वर नेईल. ही नोंद करण्याचे काम दूरच्या कोणा तंत्रज्ञाकडून होणारे नाही. ते गावातच होऊ शकते आणि गावानेच ते करावयाचे आहे.